स्थळपाहणी

अर्जदार वासंती भिकाजी तोडणकर.
मागणी : कालावल खाडीच्या पलीकडे, कांदळवनाच्या कडेने,
खांब एकेचाळीस ते सेहेचाळीस,
मधाच्या दहा पेट्या, चैत्र आणि वैशाख.
तिवर फुलतो तेवढेच दिवस.

साहेबांनी चैत्रावर शिसपेन्सिलीने
एप्रिल केलंय.
वैशाख तसाच राहिलाय.

दरपत्रक उघडलं.
म्हैस आहे. गाय आहे. शेळीला पूर्ण बंदी.
माशी नाही.
मधाचं एक कलम आहे खरं,
पण ते झाडावर चढून मध उतरवणाऱ्यासाठी,
घरं होडीत घालून आणणाऱ्या बाईसाठी नाही.

मी जतचा.
पाणी म्हटलं की मला टँकरचा भोंगा ऐकू येतो.
इथे ते दिवसातून दोनदा आपणहून चालत येतं
आणि कोणी घागर घेऊन धावत नाही,
हे पचायला मला एक अख्खं वर्ष लागलं.

पाहणीला गेलो सुकतीला.
माझ्या बुटांत चिखल, हातात टेप,
ती अनवाणी पुढे, खुब्यांच्या शिंपल्या चुकवत.
तिवराचं फूल तोवर मी पाहिलंच नव्हतं.
तीन वर्षं गस्त घालतोय याच झाडांतून.
मुगाच्या डाळीपेक्षा थोडं मोठं, पिवळं,
उतरलेल्या चिकूसारखा वास,
आणि ज्या घोसाला हात लावावा
तिथे आधीच कोणीतरी बसलेलं.

“सातेरी,” ती म्हणाली.
मला वाटलं देवीचं नाव घेतेय.
गावच्या देवळात वारूळ आहे, तीच सातेरी;
बदलीवर आलेले आम्ही सगळे
आधी तिथे नारळ ठेवतो, मग कार्यालयात हजर होतो.
“माशयेचा नाव ता,” ती हसली.

कुठून आल्या?
तिने हनुवटीनेच दाखवलं :
खाडीपल्याड, तिचं परसू, फणसाखालच्या पेट्या.
येताना वारा पाठीवर.
परतताना पोट भरलेलं आणि वारा तोंडावर,
निम्म्या पाण्यातच पडतात.
दुपारी जाळी ओढताना तिच्या नवऱ्याला
मासळीबरोबर त्याही सापडतात, मूठभर.

म्हणजे त्या येतातच आहेत, मी म्हणालो,
विनापरवाना.
“पेट्यांक परवानगी व्हयी. माश्यांक नको.”

पुढे चिपीच्या फांदीला
सुपाएवढं आग्याचं पोळं होतं. काळं. हलणारं.
आम्ही दोघं आपोआप हळू बोलायला लागलो.
मी विचारलं, तुमच्या दहा पेट्या आल्या
तर यांना पुरेल?
ती बराच वेळ बघत राहिली.
एवढ्यात पाणी चढायला लागलं होतं,
मुळांची टोकं एकेक करून बुडत होती.
“माका म्हायत नाय,” ती म्हणाली.

माझ्या नमुन्यात रकाना आहे :
वन्यजीवांस बाधा, होय किंवा नाही.
माहीत नाही असं लिहायला
जागाच नव्हती, मी समासात लिहिलं.
आणि शिफारस केली पाचांची.

पाचच का, असा शेरा आला.
उत्तर काय देणार?
दहाचे निम्मे. एवढंच.
याचा मला अभिमान नाही.

तिने तक्रार केली नाही.
रात्री होडीतून आणल्या पाच,
तोंडं जुन्या जाळीच्या तुकड्यांनी बांधून,
मुंग्या चढू नयेत म्हणून प्रत्येक घोडीचे चारी पाय
पाणी भरलेल्या करवंट्यांत ठेवले,
आणि भरतीबरोबर परत गेली.

वैशाखात करवंट्या दुपारपर्यंत कोरड्या पडतात.
तिला रोज खाडी ओलांडणं जमत नाही.
तिने मला सांगितलेलं नाही,
माझ्या कामात ते बसतही नाही.

पाच पेट्या, वीस करवंट्या.
माझी बाटली एक लिटरची,
बाराव्या करवंटीला संपते,
मग विहिरीपर्यंत परत.

सहा वाजता दैनंदिनीत लिहितो :
खांब एकेचाळीस ते सेहेचाळीस, पायी गस्त.
विशेष काही नाही.